हिवाळा, उंदीर आणि परसातील खुराडे : अमेरिकेतील घरगुती कुक्कुटपालनाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

प्रस्तावना

शेतीच्या इतिहासात गहू, कापूस आणि ऊस यांना जे स्थान लाभले ते कोंबडीला कधीच लाभले नाही. परसातील दहा-वीस कोंबड्या हा घरातील स्त्रियांच्या अखत्यारीतील विषय मानला गेला. अंड्यांच्या मोबदल्यात गावातील दुकानातून साखर, चहा, कापड येई आणि शेताच्या जमाखर्चात या मिळकतीची नोंद क्वचितच होई. अमेरिकेच्या ग्रामीण भागात तिला ‘अंड्यांचे पैसे’ असे स्वतंत्र नावच पडले होते. ज्या मिळकतीची नोंद नाही तिच्या साधनांचीही नोंद नाही, या न्यायाने खुराडे ही वास्तूही इतिहासकारांच्या नजरेतून निसटली. वस्तुतः खुराड्याच्या भिंती, जमीन, खिडकी आणि जाळी यांच्या रचनेत त्या त्या काळातील विज्ञान, कायदा आणि अर्थकारण यांचे ठसे स्पष्टपणे उमटलेले आहेत.

प्रस्तुत निबंधात अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांतील परसातील खुराड्याचा सुमारे १८५० पासूनचा इतिहास दोन प्रश्नांच्या अनुषंगाने तपासला आहे. पहिला प्रश्न हिवाळ्याचा व दुसरा उंदरांचा. तत्कालीन कुक्कुटपालनविषयक लेखनात हे दोन प्रश्न बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांत हाताळलेले आढळतात. प्रत्यक्षात ते एकमेकांत पूर्णपणे गुंतलेले होते, कारण थंडीपासून बचाव करण्यासाठी माणसाने जे जे उपाय योजले त्यांतील बहुतेकांनी उंदरांना आयते घर मिळवून दिले. या गुंत्यातून बाहेर पडण्याचा मार्ग बांधकामाचा होता आणि तो १९१० च्या सुमारास पुरेसा स्पष्ट झाला होता. असे असताना तो मागे का पडला, हा या निबंधाचा मुख्य विषय आहे.

येथे ‘उंदीर’ या शब्दाबाबत एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकी खुराड्यांना ज्याचा उपद्रव होई तो प्रामुख्याने बिळे करून राहणारा तपकिरी उंदीर, अर्थात रॅटस नॉर्वेजिकस. तो आपल्याकडील घुशीहून लहान असला तरी जमीन पोखरण्याची सवय तिच्यासारखीच. घराच्या आढ्यात वावरणारा काळा उंदीर, रॅटस रॅटस, हा वेगळा. मुंबईच्या संदर्भात या भेदाला पुढे महत्त्व येणार आहे.

थंडी आणि तुरा

१८४९ च्या नोव्हेंबरमध्ये बोस्टन येथे अमेरिकेतील पहिले मोठे कुक्कुट-प्रदर्शन भरले आणि त्यानंतरची काही वर्षे त्या देशाला कोंबड्यांचे अक्षरशः वेड लागले. चीनमधून आलेल्या अवजड पक्ष्यांच्या जोड्या अवाच्या सवा किमतींना विकल्या गेल्या. या वेडाचा चतुर व्यापारी जॉर्ज बर्नहॅम याने १८५२ मध्ये इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीला काही पक्षी नजराणा म्हणून पाठवले आणि वेड ओसरल्यावर, १८५५ मध्ये, त्याच वेडाचा इतिहास लिहून पुस्तकही खपवले. या पक्ष्यांतील एका जातीला ‘ब्रह्मा’ हे नाव मिळाले. हे नाव ब्रह्मपुत्रा नदीवरून आले असले तरी पक्ष्यांचे रक्त मुख्यतः शांघायकडचे होते. विक्रीसाठी नाव भारतीय आणि माल चिनी, असा तो प्रकार.

ब्रह्मा जातीचे महत्त्व मात्र नावापुरते नव्हते. तिचा तुरा आखूड व डोक्याला चिकटलेला, पाय पिसांनी झाकलेले आणि देह भारी. कडक हिवाळ्यात कोंबडीला प्रथम इजा होते ती तुऱ्याला आणि चोचीखालील लोंबत्या कल्ल्यांना. हे भाग उघडे व रक्ताने भरलेले असल्याने हिमदंशाने काळे पडून झडतात. इटलीहून आलेली लेगहॉर्न कोंबडी अंड्यांच्या बाबतीत सरस होती, पण तिचा मोठा तुरा उत्तरेकडील जानेवारीत टिकत नसे. १८८३ मध्ये अमेरिकी मानकात समाविष्ट झालेली वायनडॉट ही चपट्या, गुलाबाकृती तुऱ्याची जात किंवा कॅनडातील क्वेबेक प्रांतात ओका येथील मठात ब्रदर विल्फ्रिड शाटलां यांनी १९०८ पासून परिश्रमपूर्वक घडवलेली आणि १९१८ मध्ये लोकांपुढे आणलेली, जवळजवळ तुराच नसलेली शांतक्लेर ही जात, ही हिवाळ्याला दिलेली जैविक उत्तरे होत.

पण जात बदलणे प्रत्येकाला शक्य नव्हते. ज्या प्रदेशात कोंबड्यांवर डालगे पालथे घातले की रात्रीची सोय होते, तेथील वाचकाला या अडचणीची कल्पना सहजासहजी येणार नाही. मेन किंवा विस्कॉन्सिन राज्यात पारा शून्य अंश सेल्सिअसच्या खाली वीस-पंचवीस अंशांपर्यंत उतरतो आणि बर्फ महिनोन्‌महिने जमिनीवर राहतो. एकोणिसाव्या शतकातील शेतकऱ्याने यावर योजलेला उपाय त्याच्या स्वतःच्या घरावरून घेतलेला होता. फळ्यांच्या दोन भिंती उभारून मधल्या पोकळीत लाकडाचा भुसा किंवा गवत भरायचे, फटी कागदाने बुजवायच्या, दक्षिणेला काचेची मोठी खिडकी बसवायची आणि परवडत असल्यास आत शेगडी ठेवायची. हिवाळा सुरू होण्यापूर्वी खुराड्याच्या पायाभोवती पेंढा, पालापाचोळा आणि शेणखत यांचा बांध घालण्याची रीतही सर्रास होती.

हा उपाय दोन्ही अंगांनी फसला. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. तिला घामाच्या ग्रंथी नाहीत, त्यामुळे शरीरातील पाणी बाहेर पडते ते श्वासातून आणि विष्ठेतून. अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते आणि तिच्या ताज्या विष्ठेत जवळपास तीन-चतुर्थांश पाणी असते. वीस कोंबड्या बंद खोलीत ठेवल्या तर हे सर्व पाणी हवेत, भिंतींवर आणि अखेरीस पक्ष्यांच्या तुऱ्यांवर साचते. ओल्या तुऱ्याला हिमदंश लवकर होतो. विष्ठेतून निघणारा अमोनिया डोळे व श्वासनलिका होरपळवतो. म्हणजे ज्या तुऱ्याच्या रक्षणासाठी फटी बुजवल्या, तो बुजवलेल्या फटींमुळेच अधिक धोक्यात आला. कोरड्या थंडीत ब्रह्मा कोंबडी सुखाने झोपते. तिचा खरा शत्रू ओल.

दुसरे अपयश भिंतीच्या आत घडले. दोन फळ्यांमधील भुसा, पायाभोवतीचा पेंढा, जमिनीलगतच्या लाकडी तळाखालची ऊबदार पोकळी आणि हाताच्या अंतरावर मका. तपकिरी उंदराला याहून चांगली जागा सापडणे कठीण. शेते उघडी पडली, बाहेरचे अन्न संपले की शरद ऋतूच्या अखेरीस उंदीर घरांकडे व गोठ्यांकडे वळतात, आणि नेमक्या त्याच सुमारास शेतकरी खुराड्याची थंडीसाठी डागडुजी करीत असे. उंदीर धान्य खातो, अंडी पळवतो, पिले ओढून नेतो आणि रात्री आढीवर झोपलेल्या पक्ष्यांनाही चावतो. हिवाळ्यात कोंबड्या अंडी देईनाशा झाल्या की त्याचा सारा दोष थंडीला दिला जाई. त्यात उंदराचा वाटा किती, हे भिंत उचकटल्याशिवाय कळण्याचा मार्ग नव्हता.

उघड्या दर्शनी बाजूचे खुराडे

हिवाळी अंड्याला त्या काळी जे मोल होते ते आज ध्यानात येणे कठीण आहे. उत्तरेकडे डिसेंबरचा दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो. अंडी देण्याची क्रिया प्रकाशाच्या अवधीवर अवलंबून असल्याने शरद ऋतूपासून अंड्यांचा पुरवठा आटत जाई आणि भाव चढत. गृहिणी वसंतातील अंडी सोडियम सिलिकेटच्या द्रावणात बुडवून हिवाळ्यासाठी साठवीत. मेन राज्याच्या कृषी प्रयोगकेंद्रात रेमंड पर्ल यांनी १९०७ पासून कोंबड्यांच्या अंडी देण्याच्या क्षमतेच्या आनुवंशिकतेचा अभ्यास केला, तेव्हा कोंबडीची प्रत ठरवण्यासाठी त्यांनी १ मार्चपूर्वी, म्हणजे हिवाळ्यात, तिने दिलेली अंडी हाच मापदंड निवडला होता.

पर्ल यांच्या आधी याच केंद्रात जी. एम. गोवेल यांनी खुराड्याच्या रचनेत एक धाडसी बदल केला होता. दक्षिणेकडील काचेची खिडकी काढून तेथे त्यांनी कापडी पडदा लावला. दिवसा पडदा वर, वादळी रात्री खाली. आढीपुढे आणखी एक पडदा. कापडातून हवा संथपणे पाझरते, ओल बाहेर जाते आणि वाऱ्याचा झोत मात्र आत येत नाही. मॅसॅच्युसेट्समधील काही पालकांनी पुढची पायरी गाठून दक्षिण बाजू पूर्ण उघडीच ठेवली. डॉ. प्रिन्स वुड्स यांनी १९१२ मध्ये खुल्या हवेच्या खुराड्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहून या पद्धतीचा हिरिरीने प्रचार केला. तिचे मर्म असे : खुराडे रुंदीपेक्षा खोलीला अधिक असावे, उत्तर, पूर्व व पश्चिम या तीन बाजू घट्ट असाव्यात, दक्षिण बाजूला केवळ जाळी असावी आणि आढ्या अगदी मागे असाव्यात. तीन बाजू बंद असल्यामुळे आतील हवा स्थिर राहते आणि पुढील थंड हवा जोराने मागे जात नाही. पक्षी आपल्या पिसांत हवा कोंडून स्वतःची ऊब स्वतः राखतो. त्याला कोरडे ठेवणे एवढेच माणसाचे काम.

क्षयरोग्यांना मोकळ्या हवेत ठेवण्याची आरोग्यधामांची पद्धत याच काळात अमेरिकेत भरात होती. मोकळ्या हवेवरील तत्कालीन श्रद्धेचा हा खुराड्यापर्यंत पोहोचलेला प्रवाह होता, असे म्हणण्यास जागा आहे. परंतु या रचनेचा एक लाभ तिच्या पुरस्कर्त्यांनीही पुरेसा अधोरेखित केलेला दिसत नाही. भिंत एकेरी झाल्याने उंदराची पोकळी नाहीशी झाली. पायाभोवतीचा पेंढा अनावश्यक ठरला. जाळी मात्र बदलावी लागणार होती. इंग्लंडमधील नॉर्विच येथे १८४४ मध्ये चार्ल्स बर्नार्ड यांनी कापड विणण्याच्या यंत्राच्या धर्तीवर तयार केलेली षटकोनी छिद्रांची तारजाळी कोंबडीला आत ठेवते, पण उंदराला बाहेर ठेवत नाही. लहान उंदीर अर्ध्या इंचाहून किंचित मोठ्या छिद्रातूनही अंग काढतो. त्यासाठी चौकोनी छिद्रांची, जाड तारेची, झाळलेली बारीक जाळी लागते आणि ती साध्या जाळीपेक्षा कितीतरी महाग पडते. या किमतीच्या मुद्द्याकडे पुढे वळायचे आहे.

मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोकडे

१९०० पर्यंत खुराड्यातील उंदीर हा केवळ नुकसानीचा विषय होता. त्यानंतरच्या दशकात तो सार्वजनिक आरोग्याच्या कायद्याचा विषय झाला. या स्थित्यंतराचे मूळ मुंबईत आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. साथ कशाने पसरते याविषयी तेव्हा एकमत नव्हते, म्हणून शासनाचा सारा भर माणसांवर आणि त्यांच्या वस्तूंवर राहिला. घरझडत्या, सक्तीचे विलगीकरण, सामानाची जाळपोळ यांची परिणती पुण्यात २२ जून १८९७ रोजी रँडवरील हल्ल्यात झाली, हे महाराष्ट्राला सांगावयास नको. माणसांच्या घरात सैनिक शिरत होते त्या काळात उंदराकडे कोणी गंभीरपणे पाहिले नव्हते. पॉल-लुई सिमों या फ्रेंच वैद्याने जून १८९८ मध्ये कराची येथे आजारी व निरोगी उंदीर जाळीने वेगळे ठेवून पिसवांच्या द्वारे रोग पसरतो हे दाखवले, परंतु त्याच सुमारास नेमलेल्या भारतीय प्लेग आयोगाने उंदराच्या भूमिकेला फारसे महत्त्व दिले नाही. मुंबईत ग्लेन लिस्टन यांची निरीक्षणे आणि १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत झालेले पद्धतशीर प्रयोग यांनी हा प्रश्न निकालात काढला. गिनीपिगांचे पिंजरे जमिनीपासून निरनिराळ्या उंचीवर टांगून पिसवांच्या उडीच्या आवाक्याबाहेरचे प्राणी सुरक्षित राहतात हे तेथे सिद्ध झाले. मुंबईच्या घरांत काळा उंदीर आणि गटारांत तपकिरी उंदीर अशी विभागणीही या अभ्यासातून पुढे आली. १९०६ पासून हे अहवाल इंग्लंडमधील आरोग्यशास्त्रविषयक नियतकालिकात प्रसिद्ध होऊ लागले आणि जगभर वाचले गेले.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये प्लेग प्रथम मार्च १९०० मध्ये चिनी वस्तीत आढळला होता. तेथील पहिली प्रतिक्रिया पुण्याहून फार वेगळी नव्हती. चिनी वस्तीला वेढा घालण्यात आला आणि हाफकिन यांनी मुंबईत १८९७ च्या जानेवारीत सिद्ध केलेली लस चिनी व जपानी रहिवाशांना टोचून घेतल्याशिवाय शहर सोडण्यास मनाई करण्यात आली. मे १९०० मध्ये न्यायालयाने हा भेदभाव रद्द ठरवला. मे १९०७ मध्ये, भूकंपाला वर्ष उलटल्यावर, साथ पुन्हा उद्भवली तेव्हा मात्र चित्र बदलले होते. रूपर्ट ब्लू यांच्या हाताखालील पथकांनी आपला मोर्चा उंदराकडे वळवला. सापळे, विष आणि मारलेल्या उंदरांची प्रयोगशाळेत तपासणी ही कामे झालीच, पण मोहिमेचा गाभा उंदराचे घर आणि अन्न काढून घेणे हा होता. केरासाठी झाकणाची धातूची भांडी सक्तीची झाली. अंगणातील लाकडी फळ्यांच्या जमिनी उखडल्या गेल्या. तळघरे, तबेले आणि कोंबड्यांची खुराडी यांना सिमेंटची जमीन व जाळीचे कुंपण यांची अट आली. १९०७-०८ च्या या साथीत सुमारे १६० जणांना लागण झाली आणि त्यांपैकी निम्म्यांच्या आसपास मृत्युमुखी पडले. मुंबईच्या तुलनेत हा आकडा लहान, पण शहरी खुराड्याच्या इतिहासात ही मोहीम निर्णायक ठरली.

या ठिकाणी थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण आरोग्याच्या यशोगाथेत एक बाजू झाकली जाते. सिमेंटचा खर्च घरमालकाने करावयाचा होता. परसातील खुराडे हे मुख्यतः कमी मिळकतीच्या कुटुंबांचे साधन. खोक्यांच्या फळ्या आणि जुन्या जाळीतून उभारलेल्या खुराड्याची किंमत जवळपास शून्य असते आणि त्यातच त्याचे अर्थशास्त्र सामावलेले असते. सिमेंटची जमीन, बारीक जाळी आणि पत्र्याचा कोठार-डबा यांचा खर्च जोडला की सहा कोंबड्यांच्या अंड्यांतून तो वसूल होणे अवघड. साहजिकच अशा अटीपुढे एका कुटुंबाने खुराडे सुधारले, तर दुसऱ्याने कोंबड्या विकून टाकल्या. नियम योग्य होता आणि त्याने जीव वाचवले. तरीही परसातील कोंबडीची शहरातून झालेली हकालपट्टी ही गलिच्छपणाविरुद्धची लढाई म्हणून जेव्हा सांगितली जाते, तेव्हा ती कोणाच्या ताटातील अंड्याच्या किमतीवर लढली गेली हेही नोंदवले पाहिजे.

सिमेंटने एक तांत्रिक पेचही निर्माण केला. सिमेंटची जमीन हिवाळ्यात गार व दमट राहते. तिच्याखाली दगड-खडीचा थर आणि वर कोरड्या पेंढ्याचा वा भुशाचा जाड थर नसेल, तर उंदीर बाहेर राहतो आणि ओल आत येते. उलट लाकडी तळ ऊबदार, पण त्याखाली बिळे. यावर शोधलेला जुना ग्रामीण तोडगा म्हणजे खुराडे जमिनीपासून फूटभर उचलून घेणे, जेणेकरून मांजर वा कुत्रा खालून फिरू शकेल. उंदराला झाकलेली जागा हवी असते. उजेड आणि कुत्रा यांच्या वाटेत तो बिळ करीत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यातील डेव्हिड लँट्झ यांनी १९०९ मध्ये तपकिरी उंदरावर लिहिलेल्या पुस्तिकांत विष व सापळ्यांची माहिती विस्ताराने आहे, तरी त्यांचा जोर उंदराला शिरकाव न देणारे बांधकाम आणि अन्न बंदिस्त ठेवणे यांवर होता. गोवेल, वुड्स आणि लँट्झ यांना एकत्र वाचले असता हिवाळा व उंदीर या दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर देणारे खुराडे कागदावर पूर्ण तयार झाले होते, असे दिसून येते.

पहिल्या महायुद्धात, १९१७-१८ मध्ये, कृषी खात्याने घरातील प्रत्येक माणसामागे परसात दोन कोंबड्या असाव्यात अशी भित्तिपत्रके लावली. ज्या शहरांनी दशकापूर्वी खुराडी मोडायला लावली होती त्यांच्याही रहिवाशांना आता कोंबड्या पाळणे हे राष्ट्रकर्तव्य म्हणून सांगितले गेले. युद्ध संपताच हा उत्साह मावळला.

मॅडिसनची दोन औषधे

कागदावर तयार असलेले उत्तर प्रत्यक्षात रुजले नाही, याची कारणे विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथील विद्यापीठाच्या इतिहासात सापडतात.

घरात वाढवलेल्या पिलांचे पाय लुळे पडतात, हा अनुभव जुना होता. १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात मॅडिसन येथे हार्ट, हॅल्पिन व स्टीनबॉक यांनी दाखवून दिले की, हा रोग सूर्यप्रकाशाच्या अभावाचा आहे आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो टळतो. ज्याला ड जीवनसत्त्व हे नाव मिळाले ते द्रव्य त्वचेत तयार होण्यासाठी लागणारे अतिनील किरण काचेतून आत येत नाहीत, म्हणजे काचेच्या खिडकीमागचे ऊबदार खुराडे पिलांसाठी अंधारेच होते. या शोधाने खरे तर खुल्या दर्शनी बाजूच्या खुराड्याचा विजय व्हायला हवा होता. झाले उलट. खाद्यात चमचाभर तेल मिसळले की पिलांना सूर्य दाखवण्याची गरज उरली नाही. त्यापाठोपाठ हिवाळ्यात कृत्रिम प्रकाश देऊन अंडी मिळवण्याची पद्धत प्रचारात आली आणि १९३५ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण विद्युतीकरणाने तिला वीज पुरवली. हजारो कोंबड्या वर्षभर बंद इमारतीत ठेवणे शक्य झाले. हवा यंत्राने खेळती ठेवता येऊ लागली. हिवाळी अंडे स्वस्त झाले आणि परसातील गृहिणीचा हिवाळी भाव नाहीसा झाला.

स्टीनबॉक यांच्या एकस्वातून मिळणाऱ्या उत्पन्नासाठी १९२५ मध्ये विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचे एक संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. फेब्रुवारी १९३३ मध्ये हिमवादळातून एक शेतकरी मेलेली कालवड, न गोठणाऱ्या रक्ताने भरलेले दुधाचे भांडे आणि बुरसटलेले गवत घेऊन कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेच्या दारात आला. गोड क्लोव्हर नावाचे ते गवत कुजल्यावर जनावरांचे रक्त गोठत नाही, हे आधी माहीत होते, पण त्यातील द्रव्य लिंक यांच्या सहकाऱ्यांनी पुढील वर्षांत वेगळे केले. त्याच कुळातील एक संयुग १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून बाजारात आले. प्रतिष्ठानाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘वॉरफरिन’ म्हटले गेले. हे विष क जीवनसत्त्व नव्हे, तर के जीवनसत्त्वाच्या कार्यात अडथळा आणते, आणि के जीवनसत्त्वाचा शोधही कोपनहेगन येथे हेन्रिक डॅम यांना कोंबडीच्या पिलांवरील आहारप्रयोगांतूनच लागला होता. कोंबडीच्या रक्तावरून सुरू झालेल्या ज्ञानाचा एक धागा अशा रीतीने तिच्या शेजारी राहणाऱ्या उंदराच्या रक्तापर्यंत पोहोचला.

वॉरफरिनपूर्वीची विषे उंदराला तत्काळ आजारी पाडीत आणि वाचलेला उंदीर पुन्हा त्या अन्नाला तोंड लावीत नसे. वॉरफरिन हळूहळू काम करते. उंदराला कार्यकारणाचा संबंध लागत नाही, म्हणून तो पुनःपुन्हा खातो. एका पुडीत मिळणाऱ्या या उपायापुढे सिमेंट आणि जाळी यांचे अनाकर्षक, खर्चिक काम कोण करणार? बाल्टिमोर शहरात १९४० च्या दशकात डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासाने असे दाखवले होते की, विषाने मारलेल्या उंदरांची संख्या थोड्याच काळात भरून निघते, तर केर, कुंपणे आणि पडकी तळघरे दुरुस्त केल्यास ती टिकाऊपणे घटते. हा निष्कर्ष वॉरफरिनच्या ऐन स्वागतकाळात प्रसिद्ध झाला आणि मागे पडला. १९५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये वॉरफरिनला दाद न देणारे उंदीर आढळले. त्यांच्यासाठी अधिक जहाल, शरीरात दीर्घकाळ साठून राहणारी विषे तयार झाली. विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला की घुबडही मरू लागले, म्हणजे खुराड्याभोवतीचा सर्वांत जुना पहारेकरी कमी झाला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ मध्ये अशी विषे सामान्य ग्राहकाला विकण्यावर मर्यादा आणण्याचा निर्णय घेतला आणि कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये कायदा करून त्यांचा बहुतेक वापर थांबवला.

दरम्यान परसातील कोंबडी शहरात परतली होती. २००४ मध्ये मॅडिसनच्या नगरपालिकेने घरटी चार कोंबड्या पाळण्यास परवानगी दिली, कोंबडा मात्र वर्ज्य. तत्पूर्वी अनेक रहिवासी त्या चोरून पाळत होते. अन्य शहरांनीही पुढील काळात असे नियम केले आणि मार्च २०२५ मध्ये पक्षीज्वरामुळे अमेरिकेत डझनभर अंड्यांचा सरासरी भाव सहा डॉलरच्या वर गेला तेव्हा खुराड्यांविषयीची उत्सुकता पुन्हा वाढली. अशा प्रत्येक प्रस्तावाला शेजाऱ्यांची पहिली हरकत उंदरांचीच असते. नव्या पालकांची पहिली चूकही जुनीच. थंडी पडू लागली की ते खुराड्याला प्लास्टिक गुंडाळतात, फटी बुजवतात आणि आत उष्णतेचा दिवा टांगतो. सुक्या भुशावर पडलेला असा दिवा आगीला कारण ठरतो, आणि भिंतींवर साचलेले दव तुऱ्यावर गोठते. अनुभवी पालक आढीच्या वर, पक्ष्यांच्या डोक्यापेक्षा उंच, वायुवीजनाची झरोके-रांग उघडी ठेवतात, झरोक्यांना व दारांना अर्ध्या इंचाची चौकोनी जाळी ठोकतात, ती खुराड्याभोवती जमिनीत बाहेरच्या दिशेने आडवी पुरतात, दाणा रात्री पत्र्याच्या डब्यात बंद करतात आणि तळ जमिनीपासून उचलून घेतात. जाळीचा खर्च आजही खुराड्याच्या एकूण खर्चातील मोठा भाग असतो.